रोज एक पान: आयर्लंडच्या इतिहासाची दिनदर्शिका, वर्षभर वापरल्यानंतर

डब्लिनमधील एका पुस्तकांच्या दुकानातून १८ युरोंना घेतलेली ही टेबलावर ठेवायची दिनदर्शिका मी वर्षभर वापरली. रोज एक पान फाडायचे, त्यावर त्या तारखेची आयरिश इतिहासातील एक घटना आणि खाली बारीक टाइपात जगातील एखादी घटना, अशी तिची मांडणी आहे.

तिची खरी किंमत मला मे महिन्यात कळली. ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या १९१६ च्या ईस्टर उठावानंतर ३ मे रोजी तिथल्या किल्मेनमच्या तुरुंगात उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स, थॉमस क्लार्क आणि थॉमस मॅकडोना यांना गोळ्या घातल्या गेल्या. ४ मेच्या पानावर त्यांचेच सहकारी जोसेफ प्लंकेट आहेत, ज्यांचे आदल्याच रात्री त्या तुरुंगाच्या प्रार्थनागृहात ग्रेस गिफर्डशी लग्न लागले होते. ७ मेचे पान १९१५ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर किन्सेलजवळ बुडवल्या गेलेल्या लुसिटानिया या प्रवासी जहाजाचे आहे, ८ मेला पुन्हा चौघे आणि १२ मेला पायाच्या जखमेमुळे उभेही राहता न येणारे, म्हणून खुर्चीला बांधून मारलेले जेम्स कॉनोली. त्या तुरुंगातील १४ जणांना एकाच दिवशी न मारता असे दहा दिवस थांबून थांबून मारले गेले, आणि सुरुवातीला उठावावर नाराज असलेले लोक त्या दिवसांत इंग्रजांविरुद्ध का उलटले, हे सलग वाचताना मला कधी इतके जाणवले नव्हते.

उणीव आहे ती तारखांच्या हिशेबात. प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवले ती १६९० ची बॉइनची लढाई १ जुलैच्या पानावर आहे आणि १२ जुलैच्या पानावर फक्त उत्तर आयर्लंडमधील सुट्टीचा उल्लेख आहे. ती १ जुलै जुन्या पंचांगाची आहे, ब्रिटन आणि आयर्लंडने १७५२ मध्ये पंचांग बदलले आणि आज त्याच लढाईच्या मिरवणुका १२ तारखेला निघतात, याचा खुलासा कुठेही नाही. उठाव २४ एप्रिलला, पण सरकारी मानवंदना ईस्टरच्या रविवारी, ही गोष्टही तशीच सोडून दिली आहे. शिवजयंती तिथीप्रमाणे की तारखेप्रमाणे हा वाद ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्या वाचकाला असा खुलासा एका ओळीतही पुरला असता.

सर्वांत जास्त खटकले ते २८ जूनचे पान. त्यावर आयरिश यादवी युद्धाला तोंड फोडणारा, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीवरील १९२२ मधील तोफांचा मारा आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी ठरलेली १९१४ मधील साराएव्होची हत्या आहे, परंतु १९२० मध्ये याच दिवशी जालंधरच्या छावणीत ब्रिटिश सैन्यातील कॉनॉट रेंजर्स या पलटणीच्या आयरिश शिपायांनी आपल्या देशात चाललेल्या इंग्रजी अत्याचारांच्या निषेधार्थ हुकूम मानायचे नाकारले, ते नाही. त्या बंडासाठी त्यांच्यातील जेम्स डेली या शिपायाला २ नोव्हेंबरला हिमाचलमधील डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. तेही पान दुसऱ्याच विषयाला दिले आहे.

कागद जाड आहे, शाई पसरत नाही, मात्र डिंकाची बांधणी मार्चमध्येच सुटल्यामुळे पुढचे सगळे महिने मी गठ्ठा चिमट्यात धरून वापरले. तरीही घ्यावी असेच मी म्हणेन. पुढच्या वर्षीची प्रत दुकानात आली की आधी २८ जूनचे पान उघडून पाहीन.