गाडी विकल्यानंतर लिहिलेला अभिप्राय: ट्रकची बॉडी बांधणारा एक कारखाना आणि त्याने केलेले फेरबदल

ट्रकची बॉडी बांधून देणाऱ्या कारखान्यांबद्दलचे अभिप्राय बहुधा गाडी रंगून बाहेर पडते त्या आठवड्यातच लिहिले जातात आणि त्यात रंगाच्या झळाळीचे कौतुक अधिक असते. मी हा अभिप्राय गाडी विकून झाल्यावर लिहीत आहे. सांगली-मिरज परिसरातील एका कारखान्यात मी २०२१ च्या जानेवारीत माझ्या दहा टायर गाडीचा हौदा, म्हणजे माल भरण्याचा भाग, बांधून घेतला आणि २०२२ मध्ये त्याच ठिकाणी तिच्यात काही फेरबदल करून घेतले. पहिल्या कामाने मला विक्रीच्या वेळी हात दिला, दुसऱ्याने माझे मोठे नुकसान केले. कारखान्याचे नाव देत नाही, कारण दोन्ही प्रकारचे काम करणारे कारखाने सर्वत्र आहेत.

प्रथम मूळ हौद्याविषयी. आपल्याकडे बहुतेक मालट्रक केबिनसह चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, म्हणून विकत घेतले जातात आणि हौदा बाहेर बांधला जातो, त्यामुळे कंपनीतून आलेली गाडी आणि बाजारात विकली जाणारी गाडी यांच्यात पहिल्या दिवसापासूनच एका कारागिराचा हात असतो. येथील मिस्त्री या कामात खरोखर वाकबगार आहेत. हौद्याचे लांब चॅनेल त्यांनी चेसिसवर यू-बोल्टने आवळले, मध्ये लाकडी पट्टी टाकली, आणि चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या कडेला एकही भोक पाडले नाही. त्या कडांवरच सर्वाधिक ताण येतो आणि तेथे पाडलेले भोक पुढे तड्याचे तोंड ठरते. फाळके, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या बाजू, तिन्ही बाजूंनी उघडणारे होते आणि बिजागऱ्यांत पाच वर्षांत फरक पडला नाही. हौद्याचे ४ लाख १० हजार रुपये मी दिले आणि त्या रकमेबद्दल मला आजही तक्रार नाही. रिकाम्या गाडीचे वजन करून त्याची पावती कागदपत्रांसोबत जोडण्यात आली आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, रिकामे वजन ९,१८० किलो असे नोंदले गेले. या एका आकड्याचे महत्त्व मला तेव्हा उमगले नव्हते.

२०२२ मध्ये मला साखर कारखान्यांतून बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, वाहण्याचे काम मिळाले. बगॅस हलका, पण जागा फार खातो, म्हणून हौदा मोठा करावा असे ठरले. कारखान्याच्या मालकांनी सुचवले की चेसिसला मागे वेल्डिंगने जोड देऊन दीड फूट लांबी वाढवावी, बाजूंना अँगल आणि जाळी लावून उंची वाढवावी, आणि 'हातासरशी' मागच्या कमानपाट्यांत (गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांत) दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालावा. एकूण खर्च १ लाख ३५ हजार रुपये. आरसीवर नोंद करावी लागेल का, असे मी विचारले. "साहेब, सगळे असेच करतात, पासिंगच्या वेळी बघू," असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. त्यानंतरची फिटनेसची तपासणी निभावली, म्हणून मीही निर्धास्त राहिलो. ही चूक जितकी त्यांची तितकीच माझी.

वास्तविक मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ या बाबतीत स्पष्ट आहे. गाडीत असा कोणताही बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. मागच्या चाकांपलीकडे निघालेल्या भागाची लांबी व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतराच्या) ६० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. माझी गाडी त्या मर्यादेत बसत होती, परंतु वाढवलेल्या लांबीची नोंदच नसल्याने त्याचा काही उपयोग झाला नाही.

विक्रीला काढल्यावर पहिला खरेदीदार नवी मुंबईजवळच्या कळंबोलीहून आला. त्याला लोखंडाच्या वाहतुकीसाठी गाडी हवी होती. त्याच्यासोबतच्या मिस्त्रीने इंजिनाकडे नंतर पाहिले. आधी तो गाडीखाली आडवा झाला, मागच्या बाजूचा चेसिसचा रंग त्याने रॉकेलच्या बोळ्याने पुसला, आणि वेल्डिंगचा सांधा उघडा पडताच तो बाहेर येऊन मालकाशी बाजूला जाऊन बोलू लागला. चेसिस ज्या ताकदीच्या पोलादाची असते, ते वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ कमकुवत होते, आणि लोखंडाच्या कॉइलचा भार नेमका मागच्या भागावर आला तर तडा तेथूनच सुरू होतो. माझ्या गाडीला या सांध्याने कधी दगा दिला नाही, कारण तिच्यावर बगॅसच होता. पण ते त्याला कोण पटवून देणार?

जादा पाट्यांनी याहून विपरीत परिणाम केला. मला वाटले होते की मजबूत कमान ही जमेची बाजू ठरेल. खरेदीदाराला त्या पाट्यात गाडीने वाहिलेला जादा माल दिसला, आणि मग त्याने मागच्या आसाचे हाउसिंग, ब्रेक ड्रम, टायरची झीज, गिअरबॉक्स अशा प्रत्येक भागाकडे संशयानेच पाहिले. जुन्या ट्रकच्या बाजारात फेरबदल हा गाडीच्या पूर्वायुष्याचा पुरावा म्हणून वाचला जातो, हे मला तेथे उभे राहून शिकावे लागले.

मग त्याने रिकामी गाडी वजनकाट्यावर नेण्याचा आग्रह धरला. काट्याने ९,८४० किलो दाखवले. आरसीपेक्षा ६६० किलो अधिक. माझी गाडी २८.५ टन पासिंगची (मालासह एकूण वजनाची मर्यादा), म्हणजे कागदोपत्री १९,३२० किलो माल नेता येणारी गाडी प्रत्यक्षात १८,६६० किलोच कायदेशीर नेऊ शकत होती. कागद पाहून माल भरला तर ती ६६० किलोंनी ओव्हरलोड ठरणार, आणि ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होऊन वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपयांनी वाढतो. प्रत्येक फेरीत ६६० किलो लोखंडाचे भाडे बुडणार, हा हिशेब खरेदीदाराने माझ्यासमोर मोबाइलवर करून दाखवला आणि त्यात मला खोट काढता आली नाही.

तो व्यवहार फिसकटला. दुसरा खरेदीदार मिळाला, पण येथे फायनान्स कंपनीचा मूल्यांकनकार मध्ये आला. जुनी गाडी घेणारे बहुतेक लोक कर्जावर घेतात, त्यामुळे गाडीची किंमत तोंडी काहीही ठरो, मूल्यांकनाच्या अहवालात जो आकडा येतो त्यावरच कर्ज आणि पर्यायाने सौदा ठरतो. मूल्यांकनकाराने हौद्याची लांबी मोजली, आरसीशी ताडून पाहिली, आणि गाडी मूळ स्थितीत आणल्याशिवाय अहवाल देण्यास नकार दिला. मग जाळी आणि अँगल उतरवणे, वाढवलेला भाग कापणे, जादा पाटे काढणे आणि पुन्हा रंग देणे यासाठी मला ७० हजार रुपये खर्च आला. चेसिसवरील सांध्याची खूण मात्र राहिलीच, आणि तिच्यापोटी खरेदीदाराने आणखी दीड लाख रुपये कमी केले. १ लाख ३५ हजारांच्या फेरबदलांनी विक्रीच्या वेळी २ लाख २० हजारांचा खड्डा पाडला. बगॅसच्या कामातून जादा भाडे मिळाले होते हे खरे, परंतु बोल्टने बसवलेली जाळी एवढेच केले असते तर त्यातील बराच भाग हाती राहिला असता.

काही गोष्टींनी किंमत वाढवली नाही, पण घटवलीही नाही. बोल्टने बसवलेल्या ताडपत्रीच्या कमानी, हत्यारांची पेटी, पाण्याची टाकी, केबिनमधील चांगले सीट, रिफ्लेक्टर पट्ट्या यांकडे खरेदीदाराने मान हलवून पाहिले आणि पुढे गेला. केबिनच्या कपाळावर वडिलांचे नाव मी हौसेने रंगवून घेतले होते. पेंटरचे अक्षर फार सुंदर होते. नवा मालक आपल्या वडिलांचे नाव लिहिणार, हे योग्यच आहे, आणि त्या रंगाचा हिशेब मी मांडत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी समाधानी आहे. कारखान्यातील वायरमनने मला यूरियाची, म्हणजे डीईएफची, धूर स्वच्छ करणारी यंत्रणा बंद करणारी छोटी पेटी बसवण्याचा सल्ला दिला होता आणि लिटरमागे किती वाचेल हेही सांगितले होते. मी नकार दिला. दोन्ही खरेदीदारांच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावून नेमके हेच तपासले. बीएस-६ (प्रदूषण मानकाच्या) गाडीच्या वायरिंगला कात्री लागली आहे असे दिसले असते, तर दुसरा खरेदीदारही परत गेला असता असे मला वाटते. दिव्यांच्या शोभेसाठी मूळ वायरिंग कापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. जोडणी वेगळ्या रिलेवरून आणि मूळ कनेक्टर न तोडता करून घेता येते.

नवा हौदा बांधण्यासाठी मी या कारखान्याला पाचपैकी साडेचार गुण देईन आणि नोंदणीनंतरच्या फेरबदलांसाठी एक. तो एक गुणही वेल्डिंगच्या सफाईसाठी आहे. तेथे जाणाऱ्यांनी कोटेशन घेताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: काम झाल्यानंतरचे रिकाम्या गाडीचे वजन, चेसिसला वेल्डिंग किंवा भोक पाडणार नाही अशी हमी, आणि आरसीवरील नोंदीत फरक पडणारे काम असेल तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची संमतीही घ्यावी. काढलेला मूळ भाग, मग तो फाळका असो वा बंपर, भंगारात न देता घरी आणून ठेवावा. मी मूळ फाळके ठेवले होते म्हणूनच माझे ७० हजारांवर भागले.

माझी पुढची चेसिस दिवाळीनंतर येणार आहे. तिचा हौदा मी याच मिस्त्रींकडून बांधून घेणार आहे, तिन्ही बाजूंनी उघडणाऱ्या फाळक्यांचा, जुन्याच मापाचा.