मिशनरी फेअरचं तिकीट: नैरोबीपर्यंत मस्त, पुढच्या टप्प्यावर जड

मिशनरी फेअर म्हणजे मिशनच्या किंवा धर्मादाय कामाला जाणाऱ्यांसाठीचं खास विमानभाडं. ते विमान कंपनीच्या वेबसाइटवर शोधून सापडत नाही. कंपन्या हे भाडं मोजक्या एजंटांना देतात आणि एजंट ते ख्रिस्ती मंडळ्यांना, मिशन संस्थांना, धर्मादाय न्यासांना विकतात. विकताना पहिलं आमिष बॅगांचं. साध्या तिकिटापेक्षा बहुधा २३ किलोची एक बॅग जास्त, तारीख कमी दंडात बदलते आणि परतीची मुदत लांब, कधी कधी वर्षभराची. मुंबई–नैरोबी मार्गावर जाऊन सहा आठवडे ते सहा महिने राहणाऱ्या टीमचे पैसे यात वसूल होतात. दहा दिवसांच्या शिबिराला जाणाऱ्यांनी मात्र आधी साधं सवलतीचं भाडं बघावं. बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं, आणि दहा दिवसांत तारीख बदलून बदलणार तरी किती?

कागद फार लागत नाहीत. मंडळीच्या लेटरहेडवर पाळकसाहेबांची किंवा सचिवांची सही आणि शिक्का, त्यात पासपोर्टप्रमाणे नावं, मुक्कामाचं ठिकाण, तारखा. गोची होते ती याच पत्रामुळे. पत्रात ‘सुवार्ताकार्यासाठी’ आणि केनियाच्या ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) अर्जात ‘पर्यटन’, असे दोन कागद एकाच फाइलीत घेऊन टीम इमिग्रेशनसमोर उभी राहते. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ईटीए लागतो, पण तो काही काम करायचा परवाना नव्हे. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी तिथे ‘क्लास आय’ हा वेगळा परवाना आहे. एजंटचं काम तिकिटापुरतं असतं, तो यात पडत नाही. म्हणून तुम्हाला कुठला परवाना लागेल हे तिथल्या यजमान मंडळीकडून लेखी मागवा आणि मगच तिकिटाचे पैसे भरा.

दहा किंवा जास्त जण असले की एजंट ग्रुप बुकिंग सुचवतो. त्यात जागा आधी धरता येतात, नावं नंतर दिली तरी चालतात. पासपोर्ट शेवटच्या आठवड्यात हातात पडणारे एक-दोन जण प्रत्येक टीममध्ये असतातच, त्यांच्यासाठी हे बरं. पण ग्रुप म्हणजे सगळ्यांची जाण्यायेण्याची तारीख एक. दहाचे नऊ झाले की भाडं नव्याने लागू शकतं, अनामतही अडकते. मिशनरी फेअर माणसागणिक निघतं आणि पीएनआर (बुकिंग नंबर) वेगवेगळे ठेवता येतात. कुणी मलेरियाने आडवा झाला तर त्याचं एकट्याचं तिकीट पुढे ढकलता येतं, बाकीचे ठरल्या दिवशी निघतात. एकाच पीएनआरमधूनही एखाद्याला सुटं काढता येतं, फक्त रात्री दोन वाजता एजंटने फोन उचलायला हवा.

आता बॅगा. टीम नैरोबीतच थांबणार असेल तर प्रश्न नाही. उत्तर केनियातल्या तुर्कानाकडे किंवा त्यापलीकडे दक्षिण सुदानात जायचं असेल तर शेवटचा टप्पा एमएएफ किंवा एआयएम एअरसारख्या मिशन विमानसेवेने होतो. विमान बहुधा सेस्ना कॅरव्हॅन: एकच इंजिन, दहा-बारा आसनं, पोटाखाली सामानाचा पेटारा. माणशी १५ किलोच्या आसपास सामान धरून चाला, नेमका आकडा बुकिंगच्या वेळीच विचारा. काट्यावर आधी बॅग चढते, मग हातातल्या पिशवीसकट माणूस. यात लाजण्यासारखं काही नाही. इंधन, माणसं आणि सामान यांची बेरीज पायलटला मर्यादेत बसवायची असते, शिवाय जड काय पुढे ठेवायचं आणि काय मागे तेही ठरवायचं असतं. ही विमानं सुटतात तो नैरोबीतला विल्सन विमानतळच समुद्रसपाटीपासून जवळपास १,७०० मीटरवर आहे. हवा मुळात विरळ, ऊन चढलं की आणखी विरळ, आणि तेवढंच कमी वजन उचलता येतं. उतरायची पट्टी मुरमाची किंवा गवताची असते. आदल्या रात्री पाऊस झाला तर उड्डाण रद्द, हुज्जत घालून उपयोग नसतो.

मग साध्या तिकिटाच्या दोन आणि एजंटने दिलेली जास्तीची एक, अशा तीन बॅगांच्या ६९ किलोंचं करायचं काय? जास्तीचं सामान किलोमागे पैसे भरून जातं, तेही जागा उरली तर. नाहीतर आधीच ट्रकने रवाना करायचं. कडक सूटकेस पेटाऱ्यात नीट बसत नाही, कापडी डफल बॅग घ्या. बायबलं इथून नेऊ नका. एक प्रत ६५० ग्रॅमची धरली तर रिकामी असताना तीन किलो भरणाऱ्या बॅगेत ३० प्रतींनी काटा २२.५ वर जातो. स्वाहिली प्रती नैरोबीत बायबल सोसायटीकडे मिळतात. महागडा प्रोजेक्टर किंवा कॅमेरा नेणार असाल तर निघताना मुंबईच्या कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना आपल्याच वस्तूवर ड्युटी भरायची वेळ येणार नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-अवरपर्यंतची.

मुंबईचं विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं, विल्सन वेगळा. मध्ये पंधरा-वीस किलोमीटर, पण ट्रॅफिक नैरोबीचं. दोन तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅगा थेट पुढे जात नाहीत, आणि पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही. मध्ये एक रात्र ठेवाच. नुसतं युगांडा-रवांडा फिरून यायचं असेल तर पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा आहे: १०० डॉलर, ९० दिवस, अर्ज जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. केनिया, युगांडा, रवांडा सोडून टांझानियात किंवा दक्षिण सुदानात पाऊल टाकलं की तो संपला.

परतीला पिवळ्या तापाचं कार्ड लागतं. लस किमान १० दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. कार्डावर जुन्या पासपोर्टचा नंबर असेल तर तो रद्द झालेला पासपोर्टही बरोबर ठेवा.