सेटिंग्जमध्ये सगळं बरोबर होतं

टॅब घेताना आपण साधारण काय करतो? रॅम किती, स्टोरेज किती, अँड्रॉइड कुठलं ते बघतो आणि वस्तू हातात आली की सेटिंग्जमध्ये जाऊन आकडे जुळतात का ते पडताळतो. मीही तेच केलं होतं. तरी फसले, कारण या खेपेला खोटं बोलत होता तो टॅबच.

मला तो हवा होता पीडीएफ वाचायला आणि लेक्चरचे व्हिडिओ बघता बघता बाजूला नोट्स उघड्या ठेवायला. नावाजलेल्या कंपन्यांचे टॅब चाळताना एका ऑनलाइन विक्रीच्या साइटवर कधी न ऐकलेल्या ब्रँडचा टॅब दिसला. १२ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज, आठ कोअरचा प्रोसेसर, फुल एचडी, अँड्रॉइड १४. एवढं सगळं देणारे बाकीचे टॅब त्याच्या कितीतरी पट महाग होते. रिव्ह्यू ढीगभर आणि बहुतेक पाच स्टारवाले. (पुढे ते सावकाश वाचले तेव्हा त्यांतले बरेचसे ‘कव्हर घट्ट बसतं’, ‘रंग फोटोत दिसतो तसाच आहे’ असे निघाले. एखाद्या जुन्या, भलत्याच वस्तूच्या पानावर विक्रेते नवी वस्तू चढवतात. रिव्ह्यू मात्र जुनेच राहतात.)

टॅब आला. ‘अबाउट टॅब्लेट’ उघडून एकेक आकडा जाहिरातीशी ताडून पाहिला. सगळे जुळले. जरा रेंगाळत चालायचा, पण नव्या वस्तूत सुरुवातीला अपडेट उतरत असतात, म्हणून वाट पाहिली. तेवढ्यात परत करायची मुदत उलटली. मला तर वाटतं, हा सगळा बनाव तेवढी मुदत निभावून नेण्यासाठीच असतो.

मग एकेक गोष्ट खटकायला लागली. पीडीएफवरून व्हिडिओवर जाऊन परत आलं की पीडीएफ पुन्हा पहिल्या पानापासून उघडायची. बारीक अक्षरं फाटल्यासारखी दिसायची. शेवटी एका अ‍ॅपने ‘तुमची अँड्रॉइड आवृत्ती जुनी आहे’ म्हणून चालायलाच नकार दिला. अँड्रॉइड १४ जुनी?

मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, ते सेटिंग्जचं पान सोड. सीपीयू-झेड टाक आणि मला एपीआय लेव्हल सांग.”

सीपीयू-झेड हे उपकरणाच्या आतली माहिती दाखवणारं अ‍ॅप, आणि एपीआय लेव्हल म्हणजे अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला दिलेला क्रमांक. माझी निघाली २९. म्हणजे अँड्रॉइड १०, २०१९ सालचं. १४ ची लेव्हल ३४ असते. सेटिंग्जमध्ये दिसणारा आवृत्तीचा आकडा हा सिस्टिमच्या एका फाइलमध्ये लिहिलेला निव्वळ मजकूर असतो. टॅब बनवणारा तिथे हवं ते लिहू शकतो. एपीआय लेव्हलचं तसं नाही. अ‍ॅप तिच्यावर विसंबून चालतात, ती बदलली की गोष्टी बिघडायला लागतात, म्हणून हे लोक सहसा तिला हात लावत नाहीत. चिपचं नाव आलं ऑलविनर ए१३३. ती कॉर्टेक्स-ए५३ प्रकारच्या चार कोअरची स्वस्तातली चिप आहे. आठ कोअर फक्त जाहिरातीत होते.

विक्रेत्याला लिहिलं तेव्हा उत्तरं ठरलेली आली. रॅम? “४ जीबी अधिक ८ जीबी एक्स्पांडेड.” म्हणजे स्टोरेजचाच एक भाग रॅम म्हणून वापरायचा. खऱ्या रॅमच्या तुलनेत तो इतका संथ असतो की १२ हा आकडा लिहायला तरी कसा धजावतात कोण जाणे. फुल एचडी? “१०८० पी व्हिडिओ सपोर्ट आहे.” व्हिडिओ चालतो हे खरं, पण पडदा १२८० × ८००चा. १०.१ इंचांवर तो इंचाला जेमतेम १५० पिक्सेल देतो. १९२० × १२००चा पडदा सव्वादोनशेच्या आसपास देतो. फाटकी अक्षरं त्यामुळेच. अँड्रॉइडबद्दल विचारल्यावर मात्र उत्तरं यायची थांबली. ते खोटं असं होतं की त्याला दुसरा अर्थ लावता येत नव्हता, आणि एपीआय लेव्हलचा स्क्रीनशॉट व जाहिरातीचा स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लावून साइटकडे तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले तेही त्याच मुद्द्यावर. म्हणून जाहिरातीचं पान वस्तू मागवायच्या आधीच जपून ठेवा. नंतर ते बदललेलं असू शकतं.

घेण्याआधी चिपचं पूर्ण नाव मागा. ‘ऑक्टाकोअर प्रोसेसर’ म्हणजे चिपचं नाव नव्हे. नाव देत नसतील तर पुढे बोलूच नका. टॅब आल्यावर, मुदत संपायच्या आत, प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये प्ले प्रोटेक्टपुढे उपकरण प्रमाणित आहे असं लिहिलंय का ते बघा. डीआरएम इन्फोसारख्या अ‍ॅपमध्ये वाइडवाइनची, म्हणजे ऑनलाइन व्हिडिओंची नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेची, पातळी एल१ आहे की एल३ तेही बघा. एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी एचडी मिळत नाही, पडदा कितीही चांगला असो. स्टोरेजचा आकडाही डोळे झाकून मानू नका: मोठे व्हिडिओ कॉपी करून ते जवळजवळ भरा आणि शेवटी टाकलेला व्हिडिओ नीट चालतो का बघा. कंटाळवाणं काम आहे, पण सेटिंग्जमधल्या आकड्यापेक्षा भरवशाचं.

हे वाचून कुणी म्हणेल, त्यापेक्षा वापरलेला आयपॅड बरा. बरा खरा, पण तिथली फसवणूक वेगळ्या जागी असते. मॉडेल नंबर एम अक्षराने सुरू होत असेल तर तो नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकलेला), एन असेल तर बदलून दिलेला. पण खरी भीती अ‍ॅक्टिव्हेशन लॉकची. आधीच्या मालकाचं खातं निघालं नसेल तर तो आयपॅड तुमच्या काहीच कामाचा नाही. एखाद्या कंपनीच्या किंवा शाळेच्या ताब्यातला असेल तर सेटअप करताना ‘रिमोट मॅनेजमेंट’चं पान पुढे येतं. तेव्हा विक्रेत्याला समोरच तो पूर्ण इरेज करायला लावा, वायफाय जोडून सेटअप करा आणि होम स्क्रीन दिसेपर्यंत पैसे देऊ नका.