बेळगावचं हॉस्पिटल की पुण्याची एजन्सी? जनसंपर्कातली पहिली इंटर्नशिप

खानापूरची माझी भाची बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या हातात दोन पत्रं आहेत. एक बेळगावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या जनसंपर्क विभागाचं, दोन महिने, बिनपगारी. दुसरं पुण्यातल्या पीआर एजन्सीचं, तीन महिने, थोडासा स्टायपेंड. "मामा, गोल गोल नको, कुठं जाऊ ते सांग," म्हणाली. दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं, म्हणून लिहूनच काढतो.

पैशाचं आधी मिटवू. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटर. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळे कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, ओळखपत्र दाखवलं की झालं. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती, पुण्याच्या गाडीला चालत नाही. पुण्यातला स्टायपेंड कॉट बेसिस आणि मेसमध्येच जिरणार. दोन्हीकडे महिनाअखेरीला पाकीट सारखंच हलकं असेल, तेव्हा यावरून ठरवण्यात अर्थ नाही.

खरा फरक कामात आहे. एजन्सीत इंटर्नची सकाळ पेपर चाळण्यात जाते. कुठल्या क्लायंटचं नाव कुठं छापून आलं, कात्रण काढ, एक्सेलमध्ये टाक. मग पत्रकारांची यादी अद्ययावत कर, 'प्रेसनोट मिळाली का?' म्हणून चाळीस फोन कर. महिनाअखेरीला कव्हरेज रिपोर्ट. बातमीची जागा सेंटिमीटरमध्ये मोजायची आणि जाहिरातीच्या दराने गुणायची, म्हणजे एवढ्या लाखांची फुकट प्रसिद्धी मिळाली असं दाखवता येतं. हा आकडा जनसंपर्काचं मोल सांगत नाही, असं या क्षेत्रातल्याच लोकांनी २०१० मध्ये ठरवलेल्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये स्पष्ट म्हटलंय. तरी क्लायंट मागतात आणि एजन्सी देतात. कंटाळवाणं आहे, पण शिस्त लागते. दहा क्लायंटांची दहा प्रकारची घाई एकाच टेबलावर बघायला मिळते, ती बेळगावात मिळणार नाही.

हॉस्पिटलात विभाग म्हणजे बहुतेक वेळा एक पीआरओ (जनसंपर्क अधिकारी), एक फोटोग्राफर आणि एक संगणक. तिथं इंटर्नला यादी करत बसवायला कुणाला फुरसत नसते, पहिल्याच आठवड्यात प्रेसनोट लिहायला देतात. तीही तीन भाषांत: 'तरुण भारत', 'पुढारी'साठी मराठी, 'प्रजावाणी', 'संयुक्त कर्नाटक'साठी कन्नड, आणि इंग्रजी वेगळी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर निकाल समोर. शीर्षक बदललं का, तिसरा परिच्छेद का उडाला, साहेबांच्या सत्काराच्या चार ओळी कशा गळाल्या (त्या गळतातच). लिहिणं इतक्या लवकर तपासून देणारी शाळा दुसरी नाही.

इथं आमच्या मुलांची एक गोची आहे. मराठी शाळेत शिकलेल्यांना कन्नड बोलता येतं, बाजारात अडत नाही, पण चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात थांबतो. शब्द सारखे दिसतात आणि फसवतात. माझ्या उमेदवारीच्या काळात एका संस्थेच्या पत्रकात मी 'डॉक्टरांच्या अनुमानानुसार' असं लिहिलं आणि कन्नड प्रतीतही 'अनुमान' तसंच ठेवलं. कन्नडात अनुमान म्हणजे संशय. संध्याकाळी कन्नड बातमीदाराचा फोन, "काय ओ, तुमच्याच डॉक्टरांवर तुमचा संशय?" तो हसून दुरुस्त करणारा होता म्हणून वाचलो.

तीच गोष्ट तारखांची. एक नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. त्या दिवशी रक्तदान शिबिराची प्रेसनोट पाठवणारा माणूस बाहेरगावचा समजावा. हिवाळ्यात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं की सगळे बातमीदार तिकडे पळतात, मग पत्रकार परिषदेच्या खुर्च्या रिकाम्या. हे पुण्यात बसून कुणी शिकवणार नाही. पण पुण्या-बेंगळुरूच्या एजन्सीला सीमाभागात काम काढायचं झालं, तर हे माहीत असलेला माणूस त्यांना शोधावा लागतो.

आता हॉस्पिटलची दुबळी बाजू. तिथं नोकरी नाही. पीआरओची जागा एक, आणि ती भरलेली. एजन्सीत मात्र नव्या भरतीत आधीच्या इंटर्नना ओळखीचा फायदा होतो, हे धडधडीत खरं आहे. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाने मला विचारलं तर मी त्याला पुण्याची गाडी धरायला सांगेन, बेळगावचं नाव काढणार नाही.

भाचीचं तसं नाही. तिला अजून एक सुट्टी आहे, आणि पुण्याचे तीन महिने कॉलेज सुरू झाल्यावरही लांबणार, हजेरीची कटकट वेगळीच. शिवाय एजन्सीत जाताना फाइलमध्ये स्वतः लिहिलेल्या आणि छापून आलेल्या प्रेसनोटा असल्या, तर चाळीस फोनांच्या रांगेतून ती लवकर बाहेर पडेल. म्हणून आत्ता हॉस्पिटल. फक्त होकार देण्याआधी तिथल्या पीआरओला एक विचारायचं: मी लिहिलेलं कोण तपासणार? उत्तर 'बघू' असं आलं, किंवा फोटोला हार-तुरे धरायचं काम दिसलं, तर बेत उलटा करायचा, हेही सांगितलंय.

पुण्याला नकार कळवू नकोस, शेवटच्या सत्रात येऊ का असं विचार, म्हटलं. मेलचा मसुदा तिने काल पाठवला. इंग्रजी बरं आहे, फक्त 'रिस्पेक्टेड सर' तीनदा आलंय.