व्हर्टिकल माऊस: वापरला, बिघडला, आणि आता साधा माऊस डाव्या हाताला

मागच्या दिवाळीच्या आसपास घेतलेला व्हर्टिकल माऊस (उभा, शेकहँडसारखा धरायचा) ऐन मार्चएंडला बिघडला. एकदा क्लिक केलं की दोनदा लागतं. फाईल नुसती सिलेक्ट करायला जावं तर ती उघडतेच, एक विंडो बंद करावी तर तिच्या मागचीही बंद, एक्सेलमध्ये रकाने ओढत न्यावेत तर मधेच सुटतात. ज्यांच्याकडे रिटर्नची कामं आहेत त्यांना कळेल की त्या दिवसांत हे किती डोकं फिरवतं.

स्पेक्स सगळीकडे लिहिलेत, ते परत देत नाही. माझं काम मात्र सांगते कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. मी इचलकरंजीत सूतवाल्या पार्ट्यांची अकाउंट्स बघते. दिवसभर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये परचेस सेल्सच्या एन्ट्र्या, मग जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटी रिटर्नच्या तारखा आल्या की पोर्टलवर माऊसचं काम. म्हणजे उजवा हात एकतर नमपॅडवर (कीबोर्डच्या उजव्या टोकाची आकड्यांची बटणं) नाहीतर माऊसवर, ये-जा चालूच. उजव्या खांद्याचा मानेकडचा भाग संध्याकाळपर्यंत असा आखडायचा की वेणी घालायला हात वर जात नव्हता. म्हणून माऊस बदलला.

सुरुवातीला मी भेटेल त्याला हाच घ्या म्हणून सांगत होते आणि मनगटाच्या बाबतीत ते आजही म्हणेन. साध्या माऊसवर तळवा खाली करावा लागतो, तेव्हा हाताची दोन हाडं एकमेकांवर पिळली जातात. व्हर्टिकलवर शेकहँडला धरतो तसा हात राहतो, पीळ कमी होतो आणि मनगटाची टोचणी खरंच कमी झाली. त्रास एवढाच की क्लिक बाजूने दाबायचं असल्यामुळे माऊस सरकतो, अंगठ्याने धरून ठेवावा लागतो, आणि नमपॅडवरून घाईने हात नेला की तो आडवा पडतो. पण खांदा? खांदा होता तसाच.

मग माऊस गेला, सर्व्हिसचं भांडण सुरू झालं (ते पुढे सांगते) आणि कपाटातला जुना वायरवाला माऊस काढला. त्याची वायर तोकडी आणि माझा सीपीयू डावीकडे, त्यामुळे माऊस डाव्या बाजूलाच ठेवावा लागला. पहिला आठवडा वैताग आला. मग एक दिवस लक्षात आलं की रात्री मान दुखली नाहीये. आधी वाटलं काम कमी असेल, पण काम कमी नव्हतं, उलट रिटर्नची २० तारीख जवळ आली होती.

तेव्हा टेप घेऊन कीबोर्ड मोजला, तुम्हीही मोजा. नमपॅडवाल्या पूर्ण कीबोर्डवर जी आणि एचच्या मधली फट आपल्या बेंबीसमोर हवी, टायपिंगचा मध्य तोच. त्या फटीपासून उजवी कड साधारण ३० सेंटीमीटर येते आणि डावी कड १४च्या आसपास. म्हणजे उजवीकडचा माऊस ३० सेंटीमीटरच्या पलीकडे, डावीकडचा निम्म्याहून कमी अंतरावर. उजव्या हाताने माऊस धरला की कोपर अंगापासून लांब जातं आणि तो भार खांदा दिवसभर पेलतो. माऊस उभा घ्या नाहीतर आडवा, ५०० चा घ्या नाहीतर ५,००० चा, तो त्याच जागी ठेवलात तर खांद्याला काही फरक पडत नाही. हे कुठल्याच रिव्ह्यूत मला वाचायला मिळालं नाही, म्हणून एवढं लांबण लावतेय. नमपॅड नसलेला ८७ बटणांचा कीबोर्ड घेतला तर उजवीकडचं अंतर कमी होतं हे मान्य, पण आकड्यांचं काम करणाऱ्याला नमपॅड सोडून कसं चालेल? वेगळा नमपॅड मिळतो, पण त्याचे पैसे वेगळे, आणि तो परत उजवीकडेच ठेवणार ना.

डाव्या हाताला माऊस घेताना सेटिंगमध्ये बटणं उलटी करायची गरज नाही. मी केली नाहीत, कारण याच कॉम्प्युटरवर आमचा पोरगा पण बसतो. मधल्या बोटाने लेफ्ट क्लिक, तर्जनीने राईट क्लिक, सवय होते. पॉइंटरचा स्पीड आधी थोडा कमी ठेवा, हात बसला की वाढवा. माऊस मात्र दोन्ही बाजूंनी सारखा असलेला हवा, उजव्या हाताच्या आकाराचा चालत नाही, उजव्या हाताचा व्हर्टिकल तर अजिबात नाही.

एकच खरी अडचण आली, ती बिलांच्या गठ्ठ्याची. डाव्या हाताने बिल उलटायचं आणि उजव्याने आकडे मारायचे ही आपली पद्धत, आणि त्या जागेवर आता माऊस. परीक्षेला नेतात ते क्लिपवालं पॅड कीबोर्ड आणि मॉनिटरच्या मधे तिरकं टेकवलं, त्यावर बिलं लावली. डावा हात वर नेऊन बिल उलटायचं, खाली आला की माऊस. मान खाली घालून बाजूला वळवायचं पण थांबलं.

बाकीचं थोडक्यात. कीबोर्डचे मागचे पाय मिटून टाका, ते उघडे असले की मनगट वरच्या बाजूला मुडपतं. आपल्याकडची टेबलं ३० इंचांच्या आसपास असतात, माझ्यासारख्या पाच फुटांच्या बाईला ती उंचच. खुर्ची वर घेऊन कोपर कीबोर्डच्या लेव्हलला आणलं आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली जेवायचा पाट ठेवला. कीबोर्ड ट्रेचे पैसे वाचले. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना रात्री मुंग्या येत असतील तर माऊस बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, ती नस दबल्याची खूण असू शकते.

आता सर्व्हिस. वॉरंटी शिल्लक होती. आधी व्हिडिओ मागितला, दिला. मग माऊस स्वतःच्या खर्चाने कुरिअर करायला लावला. मग म्हणे बिलावर मॉडेल नंबर नाही, दुकानदाराने नुसतं "माऊस १ नग" लिहिलंय, हे चालणार नाही. दुकानातून नवीन बिल आणलं तर म्हणे तारीख जुनी आणि शाई नवीन! शेवटी माऊस तसाच परत मागवला. बसस्टँडजवळच्या रिपेअरवाल्याने खालची चिकटलेली पट्टी उचकटून स्क्रू काढले, आतला मायक्रोस्विच, म्हणजे क्लिकच्या बटणाखालचा छोटा स्विच, दाखवला. त्यातली तांब्याची पत्ती ढिली पडली की एका दाबाला दोनदा टेकते, म्हणून डबल क्लिक. नवीन स्विच डाग देऊन लावला, दीडशे रुपये घेतले, माझ्यासमोर झालं. कुरिअरला त्याहून जास्त गेले होते.

तो दुरुस्त माऊस आता भाची वापरते, तिचं डिझाईनचं काम आहे, कीबोर्डला नमपॅडच नाही, तिला उत्तम बसलाय. तुमचंही काम तसं असेल तर जरूर घ्या, फक्त बिल करताना समोर उभं राहून मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि दुकानाचा शिक्का मारून घ्या.