शहरातल्या पाखरांचा पॉडकास्ट: मोबाइल घ्यावा की रेकॉर्डर?

बाल्कनीतला बुलबुल, पत्र्यावरची खार, टेकडीवरचा मोर यांच्यावर हौशी पॉडकास्ट करायचा ठरवलं की आवाज कशावर टिपायचा यावर गाडी अडते. मोबाइलला कॉलरचा बिनतारी माइक जोडावा की मुठीत मावणारा वेगळा रेकॉर्डर घ्यावा? पहिले सहा भाग मी मोबाइलवर केले, पुढचे सगळे रेकॉर्डरवर.

मोबाइलला कमी लेखू नये. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी अचानक मोर ओरडला तर हाताशी मोबाइलच असतो. बागेतल्या माळीकाकांशी गप्पा मारताना त्यांच्या तोंडासमोर यंत्र धरावं लागत नाही, त्यामुळे ते मोकळे बोलतात. आवाजावरून पक्षी ओळखायला मर्लिन अॅपही त्यावरच.

पण सहाव्या भागात तांबट आला. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या उंबरावर तो चोच मिटून, गळा फुगवून तासन् तास एका लयीत टुक टुक करतो. मी झाडाखाली उभा राहून दहा मिनिटं बोललो. घरी हेडफोन लावला, तर मी बोलत असताना तांबट नाहीच! मी श्वास घ्यायला थांबलो की दोन टुक ऐकू यायचे, तोंड उघडलं की तो पुन्हा गडप. बोलणं ठळक करायचं म्हणून मागचे आवाज दाबायची सोय मोबाइल-माइकच्या या जोडीत असते. तिच्या लेखी तांबट म्हणजे गोंगाट, रातकिड्यांची किरकिर म्हणजे गोंगाट. आणि मला तर लोकांना नेमकं तेच ऐकवायचं होतं. ही सोय बंद करून पाहिली. तरी आवाजाची पातळी आपोआप वरखाली होत राहिली. तुमच्या फोनवर, वेगळ्या अॅपवर हे कदाचित होणार नाही. आधी झाडाखाली पाच मिनिटं बोलून तपासा.

रेकॉर्डरवर पातळी आपण ठरवतो आणि ती तिथेच राहते. त्याचाही जाच आहे: पकड बदलली की खरखर, वाऱ्याची झुळूक आली की भसभस. छोट्या ट्रायपॉडने पहिली थांबते, माइकवरच्या केसाळ टोपीने दुसरी बरीच कमी होते. जास्तीचे सेल मात्र खिशात हवेतच.

रेकॉर्डरच्या स्टिरिओची, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा टिपण्याची, गंमत मला पिंगळ्यांनी दाखवली. संध्याकाळी जोडीतला एक डावीकडच्या भिंतीवर, दुसरा उजवीकडच्या आंब्यावर, आणि दोघांची कचकच चाललेली. हेडफोनमध्ये कोण कुठे बसलाय ते डोळे मिटून सांगता येतं. वटवाघळांच्या बाबतीत दोन्ही यंत्रं सारखीच. किडे खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांची शिकारीची हाक 20 किलोहर्ट्झच्या वर, आपल्या कानांपलीकडची. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची भांडणं मात्र दोन्हींवर झकास येतात.

घरात बसून गप्पा आणि माहिती एवढंच करायचं असेल तर मोबाइल पुरे, खर्चात पडू नका. पण झाडाखाली उभं राहून बोलायचं असेल, तर मी जुना का होईना, रेकॉर्डर बघा म्हणेन.

सातव्या भागासाठी मी त्याच उंबराखाली पुन्हा गेलो. माझा आवाज थोडा लांबून येतो, मध्ये रिक्षाचा हॉर्नही आहे. तांबट मात्र पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत आहे.