लहान मुलांचं नाट्यशिबिर (वय ५ ते ८), आमचा अनुभव

मुलगी ६ वर्षांची, घरात अखंड बडबड पण पाहुण्यांसमोर आली की तोंडाला कुलूप, म्हणून सुट्टीत सोसायटीजवळच्या १० दिवसांच्या शिबिरात घातलं. मला वाटलेलं डायलॉग पाठ करून घेतील, पण पहिले आठ दिवस नुसते खेळ!! आरशाचा खेळ तर फारच भारी, दोघं समोरासमोर उभं राहायचं, एकाने हळूहळू हलायचं आणि दुसऱ्याने आरसा व्हायचं, व्हायोला स्पोलिन नावाच्या अमेरिकन बाईंच्या नाट्यखेळांतला हा खेळ असं ताईंनी सांगितलं. यात पाठ काही करायचं नसतं, समोरच्याकडे नीट बघावंच लागतं, आणि लाजरं मूल बघता बघता स्वतःला विसरतं. मग ओढणीची नदी, साप, आजीची शाल... हिने चक्क पोळी लाटली तिच्यावर! स्टॅच्यू म्हटलं की जागच्या जागी थिजायचं, त्याने अंगावर ताबा येतो.

एकच खटकलं, २५ मुलांना एकच ताई, नंबर यायला फार वेळ लागतो आणि छोटी कंटाळतात. १२-१५ मुलं घ्या ना प्लीज. तरी पुढच्या सुट्टीत परत पाठवणार. काल तिने शेजारच्या काकूंना स्वतःहून गोष्ट करून दाखवली.